देवघरातला चार्जर

"मॅडम, तुमची मशीन घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. न्हाईतर मी ती रस्त्यावर ठिवतो."

फोनवर कोपरगावचे बाळासाहेब बॅटरीवाले होते. त्यांच्या मागे माझी मशीन जीव तोडून कोकलत होती. त्यांनी फोन तिच्याजवळ नेला. "ऐका. ऐका तुमच्या लेकीचा आवाज. रोज दिवेलागण झाली की हिचं सुरू."

मी केडगावात बॅटरी चार्जर बनवते. छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याचं. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण गिऱ्हाईक अजून 'नगरच्या मॅडम'च म्हणतं. इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात नोकरी केली, साहेबांशी पटलं नाही, परत आले. तसं माझं कुणाशीच फार पटत नाही. मशीनशी पटतं, कारण त्या उलट उत्तर देत नाहीत. ही मात्र देत होती.

आधी ही मशीन काय आहे ते सांगते. ट्रॅक्टर, ट्रक, जीप यांची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिडचं पाणी. चार्जिंग भरत आलं की जादाचा करंट त्या पाण्याचीच फोड करतो आणि बुडबुडे येतात. दुकानदार म्हणतात, बॅटरी उकळायला लागली. पण ती वाफ नसते, तो हायड्रोजन असतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा हलका, त्यामुळे सरळ छताला जाऊन बसतो. खोली मोकळी असेल तर निघून जातो, काही त्रास नाही. खोली बंद असेल तर साठतो, आणि मग एक ठिणगी पुरते.

ठिणगी बहुतेक वेळा माणसाच्या घाईतून येते. करंट चालू असताना बॅटरीला लावलेला चार्जरच्या वायरीचा चिमटा ओढला की तिच्या तोंडाशीच ठिणगी उडते. बाळासाहेबांचं मागच्या सीझनला तेच झालं. बॅटरीचं झाकण उडालं, ॲसिड अंगावर आलं, शर्टाची चाळण झाली. डोळे वाचले ते नेमकी त्याच वेळी शिंक आली आणि मान फिरली म्हणून. "शिंकेनं वाचलो," असं ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

म्हणून तर त्यांनी माझी मशीन घेतली. हिच्यात मी जरा अक्कल घातली आहे. चिमटे उलटे लावले तर ही करंटच सोडत नाही. बॅटरी भरली की आपली आपण थांबते. आणि हिला नाक आहे. वायरच्या टोकाला जाळीची एक डबी, ती छताजवळ लावायची. वर गॅस साठायला लागला, अगदी धोक्याच्या खूप आधी, की करंट बंद आणि हूटर चालू. माझ्या वर्कशॉपमधल्या बायका हिला 'सासू' म्हणतात. खोलीत काय चाललंय ते सगळं हिला कळतं आणि कळलं की ही गप्प बसत नाही.

तर ही सासू बाळासाहेबांकडे गेली आणि दोन आठवडे गुणी बाळासारखी वागली. नवरात्र बसलं आणि हिचं डोकं फिरलं.

वेळ वाईट होती. कोपरगाव म्हणजे ऊस. पावसाळाभर ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभे असतात आणि त्यांच्या बॅटऱ्या झोपतात. दसरा आला की सगळ्यांना एकदम शुगर फॅक्टरीची आठवण होते. मग बॅटऱ्यांची रांग बाळासाहेबांच्या दारात. अशा झोपलेल्या बॅटऱ्या जाग्या करायला दिवसभर लागतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या चांगल्याच उकळतात. त्यांना वेळेत बॅटऱ्या द्यायच्या होत्या आणि मशीन मधेच संप करत होती. वैतागून ते जुन्या चार्जरकडे वळले असते तर पुढच्या वेळी शिंक येईलच याची काय खात्री?

"एक्झॉस्ट फॅन लावलाय ना?" मी विचारलं.

"लावलाय की. तुमीच सांगितलं हुतं."

"खोलीला खिडकी?"

"हाय. मोठी हाय."

"आणि मशीन ओट्यावर पावसात नाही ना ठेवली? आधी तिथे चार्जिंग करायचात."

"काय बोलता मॅडम! येवढी भारी मशीन ओट्यावर ठिवीन व्हय मी? घरातली एक नंबर खोली दिलीय तिला."

मला बरं वाटलं. आपल्या मशीनला कोणी एक नंबर खोली दिली तर कोणाला वाटणार नाही? मग संशय सेन्सरवर गेला. त्याच लॉटमधला दुसरा सेन्सर काढला, वर्कशॉपमध्ये बॅटऱ्या उकळवल्या, नाक वर टांगून बसले. तो अगदी शहाण्यासारखा वागला. बाजूची खिडकी उघडी होती, म्हणून चकार शब्द काढला नाही. मी जास्तच चिडले. चूक सापडली की राग जातो, न सापडली की वाढतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. या वेळी बाळासाहेब खुशीत. "मॅडम, आता गप झाली बघा. काल सांजच्याला एक शब्द न्हाई. मी इलाज केला."

"काय इलाज केला?"

"या तुमी, दावतो की."

आणि फोन बंद. गॅसचा अलार्म वाजला तर मी घाबरत नाही. वाजणारा अलार्म 'इलाज' करून गप्प झाला की घाबरते. फोन लावत राहिले, उचलेनात. नवा सेन्सर पिशवीत टाकला आणि गाडी काढली.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांनी त्यावरून गाडी चालवली आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही. राहुरी गेलं, शिर्डीची गर्दी गेली, कोपरगावात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं.

बाळासाहेबांचं दुकान रस्त्यालाच आहे. पुढे काउंटर, शेजारी पत्र्याखाली लांब ओटा, मागे घर. ते काउंटरवर होते, डोक्यावर टोपी, अंगात ॲसिडने भोकं पडलेला शर्ट. "या मॅडम. च्या घेनार ना?"

"मशीन कुठे आहे?"

"चप्पल तेवढी काढा."

चार्जिंगच्या खोलीत जाताना चप्पल काढा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. मी काढली. दार ढकललं आणि घशात आंबट झोंबलं. उकळणाऱ्या बॅटरीतून ॲसिडचा बारीक फवारा उडतो, त्याचं ते झोंबणं.

भिंतीशी ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, सगळ्या बुडबुडत होत्या. स्टुलावर माझी मशीन. तिच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळ म्हणावं अशा जागी हळदकुंकू. छताजवळचं तिचं नाक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. फॅन बंद. खिडकी बंद, फटीत चिंध्या. आणि कोपऱ्यात जमिनीवर घट बसलेला, धान्य छान वर आलेलं, शेजारी समई तेवत होती. एक नंबर खोली म्हणजे देवघर होतं! समईसमोर बाळासाहेबांच्या आई बसल्या होत्या, आरतीचं ताट मांडून, हातात काडेपेटी घेऊन.

सगळं एका नजरेत कळलं. घट बसल्यावर अखंड दिवा विझू द्यायचा नाही. वाऱ्याने तो फडफडायला लागला म्हणून खिडकी लावली, फॅन बंद केला. खोली कोंडली म्हणून गॅस साठला. गॅस साठला म्हणून मशीन ओरडली. आरतीत ओरडते म्हणून तिचं नाक बांधलं. बाळासाहेब माझ्याशी एक शब्द खोटं बोलले नव्हते. फॅन लावलेला होता आणि खिडकी मोठी होती.

"आजी, काडी ओढू नका!" मी अशी किंचाळले की त्यांच्या हातातून काडेपेटी पडली.

बाळासाहेब धावत आत आले आणि त्यांचा हात सरळ बॅटरीच्या चिमट्याकडे. "काढू का?"

"हात लावाल तर याद राखा! दर वेळी शिंक येत नसते."

हात जागच्या जागी थिजला. मी पळत काउंटरकडे गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. करंट बाहेरूनच तोडायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी ती गॅसपासून लांब पडते. दुकानात अंधार झाला. परत दाराशी आले तर खोलीत उजेड फक्त त्या समईचा होता, आणि मला नेमका तोच नको होता.

"आजी, बाहेर या. आणि तो दिवा..."

मी साळवे. आम्ही चर्चला जाणारी माणसं, आणि हे या घरात माहीत होतं. कुणाच्या घरी जाऊन अखंड दिवा विझवा म्हणायचं, तेही मी? पण जिवापुढे काय आहे! मी बोलून टाकलं. "दिवा विझवा."

"न्हाई," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्यात बी मेनबत्ती लावत्यात न्हव? मंग तुमाला कळंल. दुसरं काय करायचं ते सांगा."

गॅस वर होता, दिवा जमिनीवर होता, मधलं तेवढं अंतर होतं म्हणून आम्ही उभे होतो. वाद घालायला वेळ नव्हता. "मग खिडकी उघडायची. वारा येईल."

"येऊ द्या." त्यांनी शेजारची पितळी परात उचलली, समईच्या पुढे आडवी धरली आणि तिच्यामागे मांडी घालून बसल्या. बाहेर यायला त्या तयार नव्हत्या ते नव्हत्याच.

बाळासाहेबांना मागच्या बोळातून पाठवलं. खिडकीची दारं बाहेर उघडणारी होती. त्यांनी बाहेरून ती ओढली, चिंध्या खाली पडल्या आणि वारा भस्सकन आत आला. ज्योत आडवी झाली. एवढीशी झाली. मला वाटलं गेली. आजींनी परात आणखी जवळ ओढली, ओठ हलत होते. ज्योत थरथरली आणि पुन्हा उभी राहिली. मी दारातच उभी होते. बाकी काहीच झालं नाही.

बऱ्याच वेळाने, घसा झोंबायचा थांबला तेव्हा, मी छताजवळची पिशवी फाडली. मग आम्ही तिघं ओट्यावर येऊन बसलो. मी आवाज चढवला.

"दसऱ्यापर्यंत चार्जिंग बंद."

"मॅडम, ट्रॅक्टरवाले मला उभा चिरतील!"

"मग घट दुसरीकडे हलवा."

"बसल्याला घट हालवत न्हाईत," आजी म्हणाल्या.

"मग मशीन मी घेऊन जाते."

"आनि मी जुन्यावर काम करू? पुन्यांदा तोंडावर उडवून घिऊ?"

कोणीच मागे हटेना. मग आजींनी लेकाकडे बघितलं. "ह्या ब्याट्र्या आदी कुठं हुत्या रं?"

"हितंच. ओट्यावर."

"कवापासनं?"

"वडलांच्या काळापासनं."

"मंग त्येंला देवघरात कुनी बोलावलं?"

बाळासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "आई, मशीन भारी हाय. भिजली तर? कुनी उचलून नेली तर? म्हनून देवीच्या हवाली केली."

त्यांनी माझ्या मशीनला घरातली सगळ्यात राखणीची जागा दिली होती. धोका टाळायला मी जी वस्तू केली, तिच्याच मानापायी धोका देवघरात जाऊन बसला. माझा राग गेला आणि हसू यायला लागलं. वर्कशॉपमधल्या बायका हिला काय म्हणतात तेही मी सांगितलं, तशी आजींनी तोंडाला पदर लावला. "आनि हिला सासू म्हन्त्यात व्हय? मी येवढी वरडते का?"

बॅटऱ्या आम्ही ओट्यावर आणल्या. वरून ताडपत्री बांधली, मशीनला साखळी घालून कुलूप लावलं. नवं नाक पिशवीतच राहिलं, जुनंच ठणठणीत होतं. मेन स्विच चालू केला, सासूबाईंनी एक शब्द काढला नाही. मग आरती झाली, खिडकी उघडी ठेवून, परात आडवी धरून. मी चप्पल काढून दाराशी उभी राहिले आणि प्रसाद घेऊन निघाले.

दसऱ्याला बाळासाहेबांचा फोन आला. दिवा शेवटपर्यंत तेवला होता. ट्रॅक्टर बॅटऱ्या घेऊन गेले होते. मशीनची पूजा ओट्यावरच केली, हारही तिथेच घातला. "गप हाय बगा. आई म्हन्ती, सुधारली."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला 'खिडकी आहे का' असं विचारत नाही. 'आत्ता उघडी आहे का' असं विचारते. मशीनवरच्या स्टिकरवर आधी दोन ओळी होत्या: पावसात ठेवू नये, बंद खोलीत ठेवू नये. आता तिसरी आहे: देवघरात ठेवू नये.

परवा भंडारदऱ्याकडचे एक जीपवाले मशीन न्यायला आले. स्टिकर वाचून खो खो हसले. "मॅडम, काय पन लिवता! देवघरात कोन ठिवतंय?" मशीन उचलून दारापर्यंत गेले, तिथे थांबले, आणि जरा विचार करून मागे वळले.

"बरं, सैपाकघरात चालंल ना?"

चौथी ओळ छापायला दिली आहे.