दहाव्याच्या घाटावर होडी

बाहत्तरच्या दुष्काळानंतर पलटणीतून सुटून इस्लामपूरला घरी आलो आणि महिन्याभरात थोरल्या भावाच्या कानफटात मारून बाहेर पडलो. आईनं हात धरला होता, तोही झटकला. कोकणातून शिडाची होडी ट्रकवर घालून सांगलीला आणली. ठरवलं, आता कृष्णेवर होडीतच राहायचं. पण होडी बांधू देईल कोण? एका घाटावर धुणं धुणाऱ्या बाया अंगावर धावून आल्या, दुसऱ्यावर म्हशीवाल्यानं दोरच कापला. शेवटी खालच्या अंगाला एक ओसाड पायरी सापडली. तिकडं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून मी खूश.

ती दहाव्याची जागा होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. एका म्हातारीचा पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता.

"तुज्या शिडाला भितोय त्यो!" म्हणत तिचा मुलगा काठी घेऊन होडीत चढला. माझं डोकं फुटलं. मीही वल्हं हाणून त्याचा हात मोडला. मग दहाव्याला आलेल्या चौघांनी मला चिखलात दाबलं आणि शीड टराटरा फाडलं.

तरी कावळा येईना. तेव्हा तोच मुलगा, मोडका हात पोटाशी धरून, पिंडापुढं बसला.

"आई, तुला म्या उपाशी ठिवलं. चुकलं माजं."

कावळा लगेच उतरला.

मला कुणी उठवलं नाही. माझा मीच उठलो, होडी तशीच सोडली आणि रक्तानं माखलेल्या डोक्यानं इस्लामपूरची एसटी धरली. माझी आई अजून जिवंत होती.