बनाबाईंनी टाकून दिलेला 'किंवा'

भोरच्या भार्गवीला जन्मात कुणाचे पाय धरावेसे वाटले असतील, तर ते गुंजवण्याच्या बनाबाईंचे. ही संगणकाची पदवीवाली, अन् बाई भातलावणी करून आशा सेविकेचं काम बघणाऱ्या. पण गोष्टच तशी घडली!

वेल्ह्याच्या डोंगरातल्या आशा सेविकांसाठी भार्गवीनं ॲप केलं होतं. आपापल्या गावच्या गरोदर बायांच्या तारखा, रक्तगट, रक्त देणाऱ्यांचे नंबर, सगळं रेंज नसतानाही दिसायचं. एका सोमवारी तिनं एका बटणाचा फक्त रंग बदलला अन् नवं ॲप सगळ्यांना पाठवलं. झालं! दुपारी पासलीच्या आशा सेविकेचा, रत्नाचा फोन.

"ताई, ॲप उघडतंय अन् लगीच मिटतंय. लताला कळा सुरू झाल्यात. तिचं रक्त सहजी मिळत न्हाई. देणाऱ्याचा नंबर त्यातच हाय, अन् रजिस्टर तपासणीला गेलंय. काय करू?"

भार्गवीनं घाईघाईनं ॲपची फाईल उघडली. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे लायब्रऱ्या, जोडून ॲप बनतं. त्यातल्या एकीच्या आवृत्तीच्या आकड्याशेवटी तिनं हौसेनं अधिकचं चिन्ह टाकलं होतं. म्हणजे 'याहून नवी आली तर तीच घे'. नवी आली, न विचारता आत शिरली अन् जुन्या मोबाईलवर आडवी पडली. आधीची कुठली होती? अहो, लिहूनच ठेवलं नव्हतं! शहाणी कुठली!

मग आठवल्या बनाबाई. त्या कधीच अपडेट करत नसत, म्हणून भार्गवी त्यांच्यावर किती चिडायची! त्यांच्या जुन्या ॲपच्या 'माहिती' पानावर आकडा असणार. तिनं फोन लावला.

बनाबाईंनी चष्मा चढवून वाचलं, "चार, टिंब, दोन, टिंब, सात."

"बनाबाई, तुम्ही अपडेट का नाही केलं हो?"

"एकदा कापूरहोळच्या दुकानात भाताच्या बियाची चिठ्ठी धाडली, 'इंद्रायणी किंवा नवं चांगलं बी'. दुकानदारानं नवं दिलं. आमच्या खाचरात समदं भात लोळलं. तवापास्नं म्या 'किंवा' टाकूनच दिला. मोबाईल इचारतो, नवं घिऊ का? न्हाई म्हणते."

भार्गवीनं अधिकचं चिन्ह खोडलं, नेमका आकडा लिहिला, बाकीच्याही लायब्रऱ्यांचे आकडे पक्के केले अन् ॲप रत्नाला धाडलं. वीस मिनिटांनी रत्ना ओरडली, "उघडलं!" लता भोरच्या दवाखान्यात पोचायच्या आत रक्त देणारा कुंडलिक तिथं येऊन बसला होता. रक्त लागलंच.

दुसऱ्या दिवशी भार्गवी भेटायला गेली. लतानं हात जोडले, "ताई, तुमच्यामुळं वाचले."

"माझ्यामुळं तर जीवावर बेतलं होतं गं. वाचवलं बनाबाईंनी."

"कोन बनाबाई?"

भार्गवीनं बनाबाईंना फोन लावून लताच्या हातात दिला. तेवढ्यात लेक रडायला लागली.

"पोर रडतीया व्हय?" बनाबाई पलीकडून म्हणाल्या. "रडू दे गं बाय, लई ग्वाड वाटतंय."