गोल्फच्या खालच्या फळीत माझी बिनपगारी नोकरी

नवरा आता व्यावसायिक गोल्फपटू झालाय, हे मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारणीने विचारलं, "अय्या, मग टीव्हीवर कधी दिसणार?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "आणि बँक?"

बँक सुटली होती आणि टीव्ही येणार नव्हता. गोल्फमध्येही फळ्या असतात, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. वरच्या फळीतल्यांना लोक बघतात. खालच्या फळीतले वर जाता यावं म्हणून गावोगाव फिरून आपापसांत खेळतात, आणि त्यांना माळी, कावळे आणि त्यांच्या स्वतःच्या बायका बघतात. कावळ्यांना त्यातल्या त्यात रस असतो.

गोल्फ त्याला बँकेनंच शिकवलं. बड्या खातेदारांबरोबर मैदानावर चालायचं, त्यांचा चेंडू झाडीत गेला की "वारा फार आहे, सर" म्हणायचं, ही त्याची नोकरी. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं, की आपण या सगळ्यांपेक्षा बरं खेळतो. माणसाने काही गोष्टी लक्षात येऊ देऊ नयेत. पस्तिशी उलटल्यावर त्याने पात्रता फेरी दिली, काठावर पास झाला, आणि राजीनामा देऊन पेढे घेऊनच घरी आला.

सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हंजे आता तू विटीदांडूच खेळतलंस मां?"

"आई, गोल्फ आहे ते."

"तांच तां. विटी गोल असली म्हणान काय झाला?"

खेळाडूची बॅग वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. चांगला कॅडी वारा ओळखतो, जमिनीचा उतार ओळखतो, कुठली काठी काढायची ते सुचवतो. आम्हाला परवडणारी कॅडी मी होते. मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे माझी रजा मीच मंजूर केली. पहिल्या स्पर्धेआधी त्याने मला पूर्ण प्रशिक्षण दिलं. "तू बॅग धर. आणि मी मारताना हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घे."

ती बॅग म्हणजे आमच्या लग्नातलं कपाट होतं. काठ्या, छत्री, केळी, पाण्याच्या बाटल्या, वर त्याचे कोरडे मोजे. पहिल्याच दिवशी माझा खांदा सोलवटला. रात्री मी खोबरेल लावत बसले, आणि हा आरशासमोर मनगट वळवून बघत म्हणाला, "आज चुकलं कुठे कळलं का तुला?" मला कळलं होतं. मी बोलले नाही, कारण कॅडीने धीर द्यायचा असतो.

दोन दिवस खेळून झाले की मागे पडलेल्यांना घरी पाठवतात. त्याला कट म्हणतात. त्या हंगामात आम्ही बरीच शहरं दोन-दोन दिवसांत पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी इतर जण मैदानावर निघायचे आणि आम्ही लॉजची किल्ली परत करायचो. बरोबरीचे खेळाडू विशीतले, पाठीत स्प्रिंग असल्यासारखे. त्याला ते "अंकल" म्हणायचे, वाकून म्हणायचे, म्हणजे अपमान सन्मानपूर्वक व्हायचा. हा दर वेळी कारण घेऊन परतायचा. एका गावात गवत ओलं होतं, पुढच्या गावात कोरडं. एकदा वारा होता. एकदा चक्क वारा नव्हता.

"वारा नव्हता हे कारण कसं काय रे?"

"मी वारा धरून मारला ना गं."

बँकेत जे दुसऱ्यांसाठी बोलायचा, ते आता तो स्वतःसाठी बोलत होता.

हंगामाच्या शेवटाकडे एक स्पर्धा आमच्याच पूर्व उपनगरात आली. घरून जाऊन-येऊन खेळायचं, त्यामुळे आम्ही खूश. रिक्षात बॅग आडवी जाईना, उभी जाईना. शेवटी ती आमच्या मांड्यांवर झोपवली. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, बॉडी तो नहीं है ना?" मी म्हटलं, "अभी तक नहीं."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्यावसायिकांना प्रायोजकांच्या पाहुण्यांबरोबर खेळावं लागतं. आमच्या वाट्याला एक बिल्डर आले. कांदिवलीपासून दहिसरपर्यंत टॉवर उभे करणारे गृहस्थ. पांढरा पट्टा, पांढरे बूट, डोक्यावर पांढरी टोपी. खेळ यथातथा, पण सल्ला मुबलक. "तुमचा खांदा लवकर उघडतो," असं ते माझ्या नवऱ्याला तीनदा म्हणाले, आणि नवरा तिन्ही वेळा "यस सर" म्हणाला. मी बॅग धरून मागे.

मग त्यांचा चेंडू एका आंब्याच्या मुळांत जाऊन अडकला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पांढऱ्या बुटाने चेंडू अलगद मोकळ्या गवतावर सारला. प्लॉटची हद्द सारावी इतक्या सराईतपणे. मी चार पावलांवर उभी होते. मला त्यांनी पाहिलं नसेल असं नाही, मी गणतीत नव्हते.

माझ्या तोंडून गेलं, "साहेब, बॉल हलला."

बॅगच बोलली असावी तसे ते वळले. "कोण ही?"

नवरा पटकन म्हणाला, "कॅडी आहे, सर. नवीन आहे. सॉरी."

कुठलाच पक्षी वगैरे ओरडला नाही. मी बॅग खांद्यावरून काढली, हिरवळीच्या मधोमध नीट आडवी ठेवली आणि फाटकाकडे चालू लागले. मागून "अगं" असं अर्धवट ऐकू आलं. पण कॅडीला कुणी अगं म्हणत नाही, म्हणून मी थांबले नाही.

संध्याकाळी तो घरी आला. मी भाजी निवडत होते.

"बायको आहे म्हणाला असतास तर जीभ झडली असती?"

"ते प्रायोजकांचे पाहुणे होते गं. तुला कळत नाही, तिथे..."

"तू बँक सोडलीस ना रे?"

तो बाल्कनीत जाऊन बुटांचा चिखल खरवडू लागला. जेवला मात्र व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी तो बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेला. आणि काय सांगू, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळला. त्याच्या पुढच्या दिवशीही. हंगामात पहिल्यांदाच कट पार झाला. आनंद दिसू नये म्हणून तो घरात इतका गंभीर चेहरा करून हिंडला, की सासूबाईंना वाटलं पोट बिघडलंय. कळल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, तुका घरी ठेवल्यान आणि जमला." मला त्याचा खरोखर आनंद झाला होता. त्याच वेळी, माझ्याशिवाय हे जमतं म्हणून त्याचा गळा धरावासाही वाटला.

शेवटच्या दिवशी मी गेले. बॅगेशिवाय, डोक्यावर ओढणी घेऊन, प्रेक्षक म्हणून. प्रेक्षकांत मी एकटीच होते. त्याने मला पाहिलं आणि पहिलाच फटका झाडीत मारला. मी तरीही टाळ्या वाजवल्या. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या पोराने विचारलं, "आंटी, आप किसके साथ?"

मी उत्तर द्यायच्या आत, चेंडूवर वाकलेला माझा नवरा सरळ झाला आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाइफ है मेरी!"

मग पुन्हा वाकला, आणि भोकापासून हातभर अंतरावरून चुकला. अशा अंतरावरून सासूबाईही चुकल्या नसत्या.

शेवटून तिसरा आला. शेवटच्या दोघांपैकी एकाचा पाय मुरगळला होता. पण त्या रात्री घरी कोंबडी-वडे झाले. दृष्ट काढताना सासूबाईंनी काठ्यांवरूनही मीठ-मोहरी ओवाळली.

हंगाम संपला, खालच्या फळीतली जागाही गेली. हल्ली तो अंधेरीत एका सरावाच्या मैदानावर शिकवतो. विद्यार्थी म्हणजे कंपन्यांचे मॅनेजर. त्यांना मोठ्या ग्राहकांशी गोड बोलत चालायचं असतं. पैसे वेळेवर येतात. तो त्यांना सांगतो, खांदा लवकर उघडू नका. पुढच्या वर्षी पुन्हा पात्रता फेरी देणार आहे म्हणे.

"बॅग कोण उचलणार?" मी विचारलं.

तो दोन चाकांची ढकलगाडी घेऊन आला. खास गोल्फच्या बॅगेसाठी बनवलेली, ब्रेकवाली, छत्री खोचायला जागा असलेली. सध्या ती सासूबाई भाजीबाजाराला नेतात. कांदे-बटाटे खाली, कोथिंबीर वर. छत्रीच्या जागी शेवग्याच्या शेंगा उभ्या राहतात, एकही मोडत नाही.