लेक कुणाच्या कोपीत जेवली

येळवशीला आमच्याकडं घरं ओस पडतात आणि रानं भरतात. मार्गशीर्षातली अमावास्या, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, हरभऱ्याला घाटे आलेले. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी बांधायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि मग भाज्या-दाण्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, आंबील यांच्यावर तुटून पडायचं. येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी कुणी रानातून उपाशी गेलं तर शेतवाल्याला चुटपुट लागते.

आम्ही बौद्ध. आमच्या कोपीत पांडव नसतात, भज्जी असते. "देव सोडले, भज्जी कामून सोडावी?" असं अप्पा म्हणतात, आणि निदान एवढ्या बाबतीत तरी माझं त्यांच्याशी पटतं. अप्पा म्हणजे माझे वडील. शाळामास्तर होते, आता राजेश्वर गावच्या शिवारात स्वतःचं रान करतात. मी नोकरीनिमित्त कलबुर्गीला असते. माझ्या पोरांना फ्लॅटच्या बाल्कनीतलं कढीपत्त्याचं रोप म्हणजे शेत वाटू नये, म्हणून येळवशीला मी त्यांना हटकून आणते. लेक सात वर्षांची, धाकटा तीन.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. धाकट्यानं ढेकळं खाऊन पाहिली, थुंकली, परत खाल्ली. लेकीनं करडईत शिरून पाय ओरबाडून घेतले आणि वर मलाच दटावलं, "इथं काटे आहेत हे आधी सांगायचं ना." कुठली कुठली पोरं येत होती, जेवत होती, पळत होती. मीच तीन पोरांना वाढलं. कुणाची म्हणून विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आणि मग लेक दिसेना.

आधी वाटलं, ज्वारीत लपली असेल. हाका मारल्या. मग आठवलं की ह्या शिवारात पावलापावलाला विहीर आहे आणि एकीलाही कठडा नाही.  धाकट्याला आईच्या मांडीवर टाकलं आणि पळत सुटले. मागून अप्पा आले.

पहिल्या कोपीत लेकीचं विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "लाल फ्रॉकची का? जेवून गेली की आत्ताच! लई गोड पोर. कामून पळायलाव अक्का, बसा, उंडा तरी खावा."

"कुठं गेली?"

"पोरांसंगं गेली तिकडं. तुमच्या शेजारच्या रानातली असंल म्हणलं मी."

उंडा तिनं हातात कोंबलाच. नको म्हणायला वेळ नव्हता. तो धरूनच मी पळाले.

दुसऱ्या कोपीत कानडी बोलणारं घर. "बर्री, ऊटा माड्री," म्हणजे या, जेवा, असं म्हणत म्हाताऱ्यानं चटईच पसरली. लाल फ्रॉक? व्हय, आली होती, भज्जी खाल्ली, आंबील नको म्हणाली. त्याची सून म्हणाली, ती लाल फ्रॉकची आमच्या नणंदेची. तिसरा एकजण म्हणाला, लाल दोन होत्या. मला रडावं की ओरडावं ते कळेना. लेक जिवंत आहे आणि पोट भरून जेवते आहे एवढं पक्कं, असं वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी, ती माझी नसून कुणाच्या तरी नणंदेची असेल तर? अख्ख्या शिवारानं माझ्या पोरीला जेवू घातलं होतं आणि ती हरवली आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. येळवशीच्या दिवशी एकटं पोर दिसलं तर ते हरवलेलं नसतं, शेजारच्या रानातलं पाहुणं असतं. रागवावं तरी कुणावर? मी तरी वेगळं काय केलं होतं?

राग निघाला तो अप्पांवर. मी प्रत्येक कोपीत शिरत होते आणि अप्पा बांधावरच उभे राहत होते.

"अप्पा, आत येऊन विचारा ना! दोघांनी विचारलं तर लवकर सापडंल."

"तू इचार. मी हितं हाय."

मी त्यांना काहीतरी वाईट बोलले. काय ते आता आठवत नाही.

लेक सापडली ती ओढ्याच्या अलीकडच्या शेवटच्या रानात; अप्पा तेव्हा बरेच मागं होते. बांधावर बसली होती. शेजारी एक म्हातारी हरभऱ्याचे भाजलेले घाटे सोलून तिच्या हातावर ठेवत होती. लेकीचं तोंड काळंकुट्ट झालेलं, आणि म्हातारी ते आपल्या पदरानं पुसत होती. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी लेकीला एक चापट मारली आणि लगेच छातीशी धरलं. आम्ही दोघी रडलो. म्हातारीला काय झालं तेच कळेना. "लेकराला मारायलीस व्हय गं?" म्हणून ती माझ्यावरच खेकसली.

परत येताना लेक मधे, मी एका बाजूला, अप्पा एका बाजूला.  अप्पांनी लेकीला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, जेवायला कुठं बसवलं तुला?"

मला त्यांचा प्रश्न कळला. अप्पा लहान असताना ह्याच रानांमधून त्यांना येळवशीला बोलावणं यायचं. मात्र सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, आणि कोपीच्या बाहेर, बांधावर बसवून वरून वाढायचे. हे मला आईनं सांगितलंय. त्यांनी कधीच नाही.

"सगळीकडं कोपीत," लेक म्हणाली. "फक्त शेवटच्या अज्जीनं बांधावर."

"आन् बाकीची पोरं?"

"ती आत होती."

"कुणाची म्हून इचारलं व्हतं का तुला?"

"हो. मी सांगितलं की, मास्तरांची नात."

"मग बांधावर कामून?"

"अज्जी म्हणाली, तिथं सावली हाय, चल." आणि थोडं थांबून, "ती पण बसली की माझ्याजवळ. पुढच्या वर्षी अज्जालाबी घेऊन ये म्हणाली."



मी मनातल्या मनात तो बांध पुन्हा पुन्हा पाहिला. म्हातारीचा पदर दिसला, काळं तोंड दिसलं, विहीर दिसली. झाड दिसेना. झाड नव्हतं, की मला लेकीशिवाय काही दिसलंच नव्हतं? डिसेंबरात सावली कशाला हवी? पण दुपारचं ऊन चटके देत होतं हेही खरं. आणि बाहेरच बसवायचं होतं, तर म्हातारी स्वतः पदरानं तोंड कशाला पुसेल? आणि आतच बसवायचं होतं, तर बाकीची पोरं आत आणि हीच बाहेर का? घरी आल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, त्या बांधावर मोठी बाभूळ आहे. अप्पा म्हणाले, ती कधीच तोडली.

मला त्या म्हातारीचा राग करायचा होता आणि तिच्या पायाही पडायचं होतं. रात्रभर दोन्हीतलं एकही नीट जमलं नाही.

सकाळी आम्हाला कलबुर्गीला निघायचं होतं. पोरं झोपलेली. गाडीत टाकायला थोडा हरभरा उपटून आणते असं आईला सांगून मी रानाकडं निघाले. ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर अप्पा समोरून येताना दिसले. ते चहाच्याही आधी घराबाहेर पडले होते. चपला दवानं ओल्या, धोतराला कुसळं.

"अप्पा, झाड हाय का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. इतके म्हातारे ते मला आधी कधी दिसले नव्हते.

"बगितलं न्हाई," ते म्हणाले. "अर्ध्यातूनच परत आलो. चल, पोरं उठली असतील."

पुढं जाऊन मला बघता आलं असतं. मी त्यांच्याबरोबर घरी परत आले.