सापेरावीचा डाग

सईच्या गुडघ्यांवरचे ते डाग तिच्या आईच्या, माणिकच्या, डोळ्यांपुढून हलत नव्हते. मुलगी रविवारीच दिंडोरीला परत गेली होती. आज मंगळवार, आणि मुलुंडच्या या घरात माणिकला दुसरं काही सुचत नव्हतं.

सई लहानपणापासून अशीच. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीवर चढून बसायची आणि विचारलं तर सांगायची, "जिन्यातच होते." मायक्रोबायोलॉजी करून बँकेत लागली, आठ महिन्यांत कंटाळली आणि दिंडोरीजवळच्या एका लहानशा वायनरीत गेली. तिथले मालक देवेश सर यांनी दोन एकरांत सापेरावी लावलं होतं. हे मूळचं जॉर्जियाचं द्राक्ष. शनिवारी सईने त्याचा एक घड घरी आणला. मणी काळेभोर, साल जाड. एरवी काळं द्राक्ष सोललं की आत हिरवट गर निघतो. याचा गर बीटासारखा लाल होता. आणि इतका आंबट, की तिच्या बाबांनी, श्यामसुंदरांनी, डोळे गच्च मिटले.

"बाबा, या आंबटपणावरच वाइन वर्षानुवर्षं टिकते," सई म्हणाली. "आणि रंग तर विचारू नका. आठवडाभर अंगावरून जात नाही."

"तुला बघायला कोणी आलं तर काय सांगू?" माणिकने विचारलं.

"सांग, मेंदी जास्त चढली. मी लॅबमध्येच असते गं. बोटं तेवढी रंगतात."

पण दुपारी ती झोपली असताना माणिकला तिचे गुडघे दिसले. दोन्ही जांभळट-काळे. कोपरंही तशीच. लॅबमध्ये कोणी गुडघे टेकून काम करत नाही.

माणिक केमिस्ट्रीची पदवीधर. मग तिने सगळं वाचून काढलं. वाइन काढून घेतली की टाकीत सालांचा चोथा उरतो. खालच्या झाकणातून कोणीतरी आत शिरून तो फावड्याने बाहेर ओढतं. चोथ्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, हवेहून जड, तळाशी साठणारा. दिसत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला ओढायला आत गेलेला दुसराही.

काल तिने फोनवर सईला सरळ विचारलं, "टाकीत शिरतेस?"

"आई, यार, प्लीज. आणि सरांना फोनबिन केलास ना, तर मी घरी येणारच नाही. इथे मी एकटी मुलगी आहे. आईचा फोन आला म्हटल्यावर मला टाकीजवळ कोण उभं करेल?"

एवढं सगळं बोलली, पण 'नाही' म्हणाली नाही.

"अगं, हवा तपासत असतील ते," श्यामसुंदर आज सकाळी चहा पिताना म्हणाले.

"असतील. कोण तपासतं, ते तिने सांगितलं नाही."

साडेनऊला सईचा मेसेज आला. आज मोठी टाकी रिकामी करायची आहे, दहापासून फोन लॉकरमध्ये असेल.

माणिकने घड्याळात पाहिलं. सई चिडेल. कदाचित महिनोन्‌महिने बोलणार नाही. पण आत मुलगी असताना झाकणाशी कोण उभं असतं आणि आतली हवा कोणी मोजली, एवढं विचारायलाच हवं होतं. तिने वायनरीचा नंबर शोधला आणि देवेश सरांना फोन लावला.