खाडीतली हलकी नाणी

पुलावरून जाणारे लोक खाडीत नारळ टाकतात, त्याबरोबर नाणीही. ओहोटीला शेवंताबाई चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, काढायला चिखलात उतरली की ती नाणी तिच्या पायाला लागत. बरीचशी जुनी, स्टीलची, रुपयाची. चिंचेने घासून ती गावातल्या सितारामच्या किराणा दुकानात सुटे म्हणून देई.

सिताराम नाणी मोजत बसत नसे. शंभर नाणी वजनाला किती भरतात हे त्याला पाठ होतं. एकदा काट्याकडे बघत तो म्हणाला, "काकी, कमी हायेत." दुकानात गिऱ्हाईक होतं. शेवंताबाईने तिथेच एकेक करून शंभर मोजून दाखवली. पुन्हा काट्यावर टाकली, तरी वजन कमीच. मग खोटी असतील, असं तो पुटपुटला. ते तिला फार झोंबलं.

सुनेने, सुचिताने, मोबाइलमधून नाणी मोठी करून पाहिली. कडा झिजलेल्या, वर बारीक बारीक खड्डे. जुनी नाणी झिजणारच, असं तिचं म्हणणं पडलं. पण घरच्या डब्यातली तितकीच जुनी नाणी सितारामच्या काट्यावर जवळजवळ पुरी भरली. खारं पाणी म्हणावं, तर खाडीच्या मुखाशी सापडलेलीही ठीक निघाली. हलकी होती ती फक्त कारखान्यांचा नाला खाडीला मिळतो तिथली.

खात्री करायला शेवंताबाईने चांगली नाणी जाळ्याच्या तुकड्यात बांधली आणि नाल्याच्या तोंडाशी तिवराच्या झुडपाला अडकवून ठेवली. दोन उधाणं, म्हणजे जवळजवळ महिना, गेल्यावर काढली तेव्हा पुरचुंडी शेंबडासारखी बुळबुळीत झाली होती आणि वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. सितारामने वजन केलं, ती हलकी भरली, आणि त्याने काटा धुऊन काढला.

"नानी झिजली नाय," शेवंताबाई म्हणाली. "पानी खातंय त्यांना."

तिने आपले हात पाहिले. बोटांच्या बेचक्यातली कातडी कधीपासून सोलवटत होती; ती साबणाला दोष देत आली होती. आणि नाल्याकाठच्या चिंबोऱ्याच तर सगळ्यांत मोठ्या असत. आदल्या रात्रीचं कालवण आठवलं आणि ती दुकानामागे जाऊन ओकली.

सुचिताला घेऊन ती कारखान्यांच्या संघटनेच्या ऑफिसात गेली. साहेबांनी पेनाच्या टोकाने एक नाणं उलटवलं, मग हातांना सॅनिटायझर चोळलं. खाडीचं पाणी खारट, त्यात नाणी खराब होणारच, असं त्यांनी समजावलं. शेवंताबाईने मुखाशी सापडलेल्या नाण्यांचं सांगितलं. ते ऐकून साहेबांनी पाकीट काढलं आणि दोनशेची नोट पुढे सरकवली. तुमचं नुकसान भरून देतो, म्हणाले.

शेवंताबाईला नाल्याकाठी आली नव्हती इतकी किळस त्या नोटेची आली. "ठेवा ती," ती म्हणाली. "तुमचं पानी धुयाला लागंल." आणि उठली.

त्या संध्याकाळी पाटी न घेता ती, जिथे चिंबोऱ्या विकायची त्या टॉवरांमध्ये गेली आणि नेहमीच्या प्रत्येक दारात सांगितलं, नाल्याकाठची चिंबोरी कोणाकडूनच घेऊ नका. एका बाईने विचारलं, मागच्या आठवड्यातली कुठली होती? तिथलीच, शेवंताबाईने सांगितलं. दार तोंडावर बंद झालं.

आता ती पहाटे मोरा बंदराच्या धक्क्यावरून मासळी विकायला आणते. येण्याजाण्याचं भाडं जातं, हातात थोडंच उरतं. नाला वाहतोच आहे. सुचिताने प्रदूषण मंडळाकडे केलेल्या तक्रारीला अजून उत्तर नाही. टॉवरांतल्या दोघी तिच्याकडून काहीच घेत नाहीत. शेवंताबाई त्यांना बोल लावत नाही.