बायकांनी चढवलेलं छप्पर

मेरेसी,

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागद कशाला नासतेस? मंडळीसमोर उभी राहून सांग की!" उभं राहायला गुडघे राहिले नाहीत गं, म्हणून लिहिते. आणि तुझ्याशीच बोलत बसले तर आपलं नेहमीसारखं भांडण होईल, म्हणून इथून पुढे तू 'ती'.

मेरेसी आमच्या चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा. निवडून वगैरे कुणी दिलं नव्हतं. तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती झाली नाही, इतकंच. खाडीपलीकडच्या दवाखान्याशेजारी गरोदर बायकांना राहायला खोली बांधायची, हे मंडळाचं त्या वर्षीचं सेवाकार्य. आदल्या वर्षी कळा सुरू झाल्यावर निघालेल्या तिच्या सुनेचं, ओनिताचं, मूल होडीतच गेलं होतं. आता ओनिताला पुन्हा नववा लागला होता. या खेपेला ती आधीच पलीकडे जाऊन राहणार होती. पण राहणार कुठे? भिंती उभ्या होत्या, वर नुसतं आभाळ.

छपरासाठी सागो-ताडाच्या पानांची झापं शिवणं बायकांचं काम, ती वर चढवणं पुरुषांचं. तीनशे झापं शिवून, होड्यांत रचून, ओनिताला सोबत घेऊन बायका वल्हवत पलीकडे पोचल्या. मागोमाग पुरुष यायचे होते. दुपारी आला तो त्यांचा निरोप: फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटलाय, उद्या परत खेळायचाय, छप्पर पुढच्या आठवड्यात बघू.

"बाळालाही निरोप धाडा," मेरेसी म्हणाली, "म्हणावं, मॅच संपेपर्यंत थांब." आणि तिने शिडी लावली.

"मावशी!" मंडळातली वेरोना दचकली. "बाईमाणूस पुरुषांच्या डोक्यावर? पाप लागेल!" बाईचा पाय जिथे पडला, त्याच्या खालून आमच्याकडे पुरुष जात नाही.

"या खोलीत कुठला पुरुष बाळंत व्हायला येणार आहे?"

"कुठलाच नाही."

"मग खाली डोकं कुणाचं? आपलंच ना? चढ!"

त्रेसष्टाव्या वर्षी ती झगा खोचून वर गेली. मागून सहाजणी. जन्मभर झापं शिवली, पण लावली एकीनेही नव्हती. म्हणून आढ्यापासून सुरुवात केली. दोन ओळी झाल्या, तशी दवाखान्याच्या ओट्यावरून पायाला पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, "पोरींनो, पाऊस आत घ्यायचाय का? वळचणीपासून वर जा! वरचं झाप खालच्यावर चढलं पाहिजे!"

मेरेसीने हातातलं झाप खाली टाकलं. मग ओरडली, "सगळं काढा गं! आणि मामा, तुम्ही तिथूनच शिकवा. इकडे पाऊल टाकाल तर खबरदार!"

तो ओट्यावरून ओरडत राहिला, बायका ऐकत राहिल्या, उलट उत्तरंही देत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य कलायच्या आत आढं झाकलं गेलं. त्याच संध्याकाळी ओनिताने आत चटई पसरली.

तिसऱ्या दिवशी पुरुष आले. हरून आले होते. किनाऱ्याला लागतात न लागतात तोच पाऊस कोसळला, आणि सगळे खोलीकडे धावले. दारात मेरेसी.

"या की, जोनातादादा," ती गावप्रमुखाला म्हणाली. "या छपरावर आम्ही सातजणी दोन दिवस नाचलोय. आमच्या पायांखाली यायचं असेल तर या."

जोनातादादांचं पाऊल हवेतच थांबलं. पाळकसाहेबांनी आशीर्वादाची प्रार्थना बाहेरूनच केली, डोक्यावर केळीचं पान धरून. आत एक थेंब गळत नव्हता. ओनिता इतकी हसली की नर्सबाई रागावल्या. नवव्या दिवशी मुलगी झाली, ठणठणीत, आजीच्या वरताण आवाजाची.

पुढे मेरेसीने दारावर एक फळी ठोकली. तिच्यावर 'पुरुषांनी इथूनच हाक मारावी' असं लिहायचं होतं. "होनियाराहून निळ्या ऑइलपेंटचा डबा आण," असं तिने मला सांगितलं. त्यानंतर मी चारदा राजधानीला, होनियाराला, गेले. प्रत्येक वेळी परतताना बोटीत बसल्यावर आठवलं. मेरेसीला जाऊन आता दोन वर्षं होतील, फळी कोरीच आहे. पुरुष मात्र अजून त्या फळीपाशीच थांबतात.